पैनगंगा ते दक्षिण गंगोत्री

बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो दोनच ठिकाणी. एक म्हणजे उन्हाळ्यात खामगाव किंवा मलकापूरच्या बाजारात, गोळेवाल्याच्या गाडीवर भुश्यात गुंडाळून ठेवलेली लादी. आणि दुसरा शीतकपाटातला. समुद्र तर त्याहून दूरचा. त्यामुळे सहावी-सातवीच्या भूगोलात ‘अंटार्क्टिका’ हा धडा आला की शिक्षकांची पंचाईत होते. नकाशाच्या तळाशी पसरलेला पांढरा पट्टा दाखवायचा, पेंग्विनचे चित्र दाखवायचे आणि पुढे जायचे. एका शिक्षक-शिबिरात आम्हाला सरळच विचारण्यात आले, “आमच्या कोरडवाहू गावातल्या पोरांना या बर्फाचे काय करायचे?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला एक समुद्रप्रवास आठवला आणि त्याच वेळी आपल्याच जिल्ह्यात उगम पावणारी एक नदीही आठवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते या लेखात पाहू.

गोव्याहून निघालेली बोट

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून ‘पोलर सर्कल’ नावाची एक बोट निघाली. बोट नॉर्वेची, भाड्याने घेतलेली आणि बर्फातून जाण्यासाठी मुद्दाम मजबूत बांधलेली. तिच्यावर २१ भारतीयांचे पथक होते. पथकाचे नेते होते सागरशास्त्रज्ञ डॉ. सैय्यद झहूर कासिम. निघताना कसलाही गाजावाजा झाला नव्हता. बोट पोहोचल्यानंतरच देशाला कळले, की भारताची पहिली मोहीम अंटार्क्टिकाला गेली आहे.

त्यापूर्वी तिथे भारतीय माणूस गेलाच नव्हता असे नाही. १९६० साली नौदलाचे अधिकारी राम चरण ऑस्ट्रेलियाच्या पथकाबरोबर गेले होते. पुढे डॉ. गिरिराज सिंग सिरोही अमेरिकेच्या, तर डॉ. परमजितसिंग सेहरा रशियाच्या मोहिमेत सामील झाले. पण हे सगळे पाहुणे म्हणून गेले होते. आपले पथक, आपली उपकरणे आणि आपले प्रश्न घेऊन जाणे ही गोष्ट १९८१ मध्ये प्रथमच घडत होती.

नकाशा काढा आणि वर्गात मुलांना मोजायला सांगा. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मोहिमेला पोहोचायचे होते सुमारे ७० अंश दक्षिण अक्षांशावर. म्हणजे अक्षांशांचा फरक ८५ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर धरले तर नुसते उत्तर-दक्षिण अंतरच साडेनऊ हजार किलोमीटर भरते. शिवाय रेखांशही बदलत असल्यामुळे प्रत्यक्ष प्रवास दहा हजार किलोमीटरहून अधिक होतो. या प्रवासाला ३४ दिवस लागले.

यातला सर्वांत त्रासदायक टप्पा बर्फाचा नव्हे, बर्फाच्या अलीकडचा. दक्षिणेला ४० ते ५० अंशांच्या पट्ट्याला दर्यावर्दी लोक ‘गर्जणारे चाळीस’ म्हणतात. उत्तर गोलार्धात याच अक्षांशांवर मोठमोठी खंडे आहेत. वारा डोंगरांना अडतो, रानांना घासतो आणि मंदावतो. दक्षिणेला मात्र या पट्ट्यात जवळजवळ सगळे पाणीच आहे. पश्चिमेकडून येणारा वारा पृथ्वीला प्रदक्षिणा घालत सुटतो, त्याला अडवणारे कोणी नाही. लाटा त्याच्याबरोबर वाढत जातात. लहान बोटीला हा टप्पा पार करणे म्हणजे दिवसच्या दिवस हेलकावे खाणे होय.

समुद्र कसा गोठतो?

हा पट्टा ओलांडला की हवा गार होत जाते आणि बर्फ दिसू लागतो. इथे एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की करावी. या समुद्रात बर्फ दोन प्रकारचा असतो आणि दोघांची जन्मकथा अगदी वेगळी आहे.

पहिला प्रकार खुद्द समुद्राचे पाणी गोठून झालेला. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते शून्य अंशाला गोठत नाही, उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. हे समजावून सांगायला ध्रुवावर जायची गरज नाही. तालुक्याच्या ठिकाणचा बर्फाचा कारखाना दाखवा. तिथे गोड्या पाण्याचे डबे मिठाच्या पाण्याच्या हौदात सोडलेले असतात. हौदातले खारे पाणी शून्याच्या खाली जाऊनही पातळच राहते आणि डब्यातले गोडे पाणी गोठते. तयार लादी नीट पाहिली तर कडेला ती काचेसारखी स्वच्छ आणि मध्ये पांढुरकी, गढूळ दिसते. गोठताना पाण्याचे रेणू आपली रचना बांधतात आणि हवा व क्षार यांना बाहेर ढकलतात. ढकलता ढकलता ते मध्यभागी कोंडले जातात. समुद्रातही हेच घडते. गोठणारे पाणी मीठ बाहेर टाकते. काही मीठ बर्फाच्या बारीक नळ्यांत अडकते, उरलेले खालच्या पाण्यात उतरते. ते पाणी जास्त खारे, म्हणून जड होते आणि तळाकडे जाऊ लागते. जगभरच्या महासागरांत खोलवर जे थंड प्रवाह वाहतात, त्यांची सुरुवात अशा ठिकाणी होते.

गोठण्याची सुरुवातही पाहण्याजोगी असते. आधी पाण्यावर बर्फाच्या बारीक सुया तरंगतात आणि पृष्ठभाग तेलकट दिसू लागतो. मग त्या सुयांच्या गोल चकत्या बनतात. लाटांनी एकमेकींवर आदळून या चकत्यांच्या कडा वर वळतात. तव्यावर घातलेल्या धिरड्यांसारख्या त्या दिसतात. पुढे त्या जुळून मोठे पत्रे होतात. अंटार्क्टिकाभोवतीचा हा बर्फ फेब्रुवारीत सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर असतो आणि सप्टेंबरपर्यंत तो १८० लाखांच्या पलीकडे जातो. म्हणजे भारताच्या सुमारे साडेचारपट क्षेत्राचा समुद्र दर वर्षी गोठतो आणि वितळतो. म्हणूनच मोहिमा डिसेंबरमध्ये निघतात आणि मार्चपर्यंत परततात. दार थोडेच दिवस उघडे असते.

दुसरा प्रकार हिमनगांचा. ते समुद्रात जन्मतच नाहीत. खंडावर हजारो वर्षे पडलेला हिम दाबाने घट्ट होतो, हळूहळू समुद्राकडे सरकतो आणि काठाशी पाण्यावर तरंगणारी जाड फळी तयार होते. तिचे तुटलेले तुकडे म्हणजे हिमनग. हे पावसासारखेच गोडे पाणी. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक याने १७ जानेवारी १७७३ रोजी प्रथम अंटार्क्टिक वृत्त ओलांडले. त्या सफरीत त्याच्या माणसांनी समुद्रातून बर्फाचे तुकडे उचलून, वितळवून पिण्याचे पाणी मिळवले होते. खाऱ्या समुद्रावर गोडे पाणी तरंगते आहे, हे आश्चर्य त्यांनी चाखून पाहिले. खंड मात्र कुकला दिसलेच नाही. बर्फाने त्याची वाट अडवली.

वाट काढायची कशी?

बर्फातली बोट करवतीसारखी बर्फ कापत जाते, असे मुलांना वाटते. तसे नसते. बर्फफोड्या बोटीचा पुढचा भाग उतरता, गोलसर असतो. इंजिनच्या जोरावर बोट बर्फावर चढते आणि तिच्या वजनाखाली बर्फ मोडतो. बर्फ दाबाला चिवट असतो, पण वाकवला की लवकर तुटतो. लाकडी पट्टी उभी दाबून आणि मग वाकवून पाहिली म्हणजे हे पटते.

बाजूंनी बर्फ आवळू लागला तर काय? नॉर्वेच्या नान्सेनने १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ ही बोट मुद्दामच उत्तरेच्या बर्फात अडकवून घेतली. तिचे पोट गोलसर केलेले असल्याने दाब आला की ती वर उचलली जाई. शॅकल्टनची ‘एन्ड्युरन्स’ तशी नव्हती. जानेवारी १९१५ मध्ये ती वेडेल समुद्रात अडकली आणि नोव्हेंबरात चिरडून बुडाली. तिच्यावरचे २८ जण पुढे वाचले, ही गोष्ट अजूनही अद्भुत वाटते. बोट २०२२ साली ३००८ मीटर खोलीवर सापडली. थंड पाण्यात लाकूड पोखरणारे जीव नसल्यामुळे तिच्या मागच्या बाजूवरचे नाव आजही वाचता येते.

उपग्रह नव्हते तेव्हा दर्यावर्दी आभाळ वाचत. खाली बर्फ असेल तर त्याचा पांढरा उजेड ढगांच्या पोटावर पडतो. खाली मोकळे पाणी असेल तर त्या जागी ढग काळपट दिसतात. क्षितिजापलीकडे जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचा नकाशा आभाळात उमटलेला असतो. डोलकाठीवर बसलेला माणूस त्या काळ्या पट्ट्याकडे बोट वळवायला सांगे.

‘पोलर सर्कल’ बर्फाचा पट्टा पार करून काठाला लागली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, भारतीय पथकाने अंटार्क्टिकाच्या बर्फावर पाऊल ठेवले. मध्यरात्री? होय, आणि उजेडात. हे गणित वर्गात करता येईल. ९ जानेवारीला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २२ अंशांवर असतो. ७० अंश अक्षांशावरून ध्रुव २० अंश दूर. २२ मधून २० वजा केले तर २ उरतात. म्हणजे मध्यरात्रीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या सुमारे दोन अंश वर होता.

पथकाने तिरंगा लावला, निरीक्षणे घेतली आणि स्वयंचलित हवामान-यंत्र बसवले. २१ फेब्रुवारी १९८२ रोजी बोट गोव्याला परतली.

दक्षिण गंगोत्री

तिसरी मोहीम ३ डिसेंबर १९८३ रोजी ‘फिनपोलारिस’ या बोटीने गोव्याहून निघाली. नेते होते भूभौतिकशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता. तत्पूर्वी, १९८३ च्या ऑगस्टमध्ये भारताने अंटार्क्टिक करारावर सही केली होती आणि सप्टेंबरमध्ये निर्णयात मत देण्याचा अधिकार मिळवला होता. या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले ठाणे उभे राहिले आणि १२ जण तिथेच हिवाळा काढण्यासाठी थांबले. हिवाळ्यात बोट येऊ शकत नाही. आजारी पडले तरी, घरी काही घडले तरी, समुद्र वितळेपर्यंत परत फिरता येत नाही.

या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया होत्या : भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. अदिती पंत यांचा जन्म १९४३ साली नागपुरात झाला. पुणे विद्यापीठाची पदवी घेतल्यावर सर ॲलिस्टर हार्डी यांचे ‘द ओपन सी’ हे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि त्या समुद्राकडे वळल्या. हार्डी स्वतः १९२५ ते १९२७ या काळात ‘डिस्कव्हरी’ बोटीवरून दक्षिण समुद्रात गेलेले. पंत पुढे हवाई आणि लंडन येथे शिकल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. त्यांचा विषय होता पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. समुद्रबर्फाची खालची बाजू पुष्कळदा तपकिरी असते. तो रंग मळाचा नसतो; बर्फातून झिरपणाऱ्या उजेडावर वाढणाऱ्या या वनस्पतींचा असतो. त्या खाऊन क्रिल नावाचे झिंग्यासारखे जीव जगतात आणि क्रिलवर पेंग्विन व देवमासे. बर्फाचे छप्पर असे शेताचेही काम करते. विदर्भात जन्मलेल्या मुलीला एका पुस्तकाने दक्षिण ध्रुवाच्या समुद्रापर्यंत नेले. शाळेतल्या पुस्तकपेटीचे कुलूप उघडताना आपण हे लक्षात ठेवावे.

ठाण्याचे पुढे काय झाले? ते तरंगत्या बर्फाच्या फळीवर होते. तिथे पडलेला हिम वितळत नाही, साचत जातो. इमारत दर वर्षी थोडी थोडी गाडली जाऊ लागली आणि १९९० साली ती सोडून द्यावी लागली. तोवर ‘मैत्री’ हे दुसरे ठाणे शिर्माकर टेकड्यांत, खडकावर बांधून झाले होते. ‘भारती’ हे तिसरे २०१२ साली सुरू झाले. त्याच १९९० च्या जानेवारीत नवव्या मोहिमेतील चौघांचा तंबूत कार्बन मोनॉक्साइड वायूने मृत्यू झाला. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये, हे आपण खेड्यात सांगतो. तोच वास नसलेला वायू, तोच धोका. बर्फाच्या नवलाईबरोबर ही किंमतही मुलांना सांगायला हवी.

आणि पैनगंगा?

आता आपल्या नदीकडे येऊ. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि मेहकरवरून पुढे जाते. आपल्या जिल्ह्यात तिच्याखाली सगळा काळा बेसाल्ट. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लोणारचे विवरही याच खडकात. पण नदीबरोबर चालत चंद्रपूरपर्यंत गेलो, तर बेसाल्टची चादर संपते आणि तिच्याखालचे फार जुने खडक उघडे पडतात.

१८५६ साली ओडिशातल्या तालचेर भागात काम करणाऱ्या ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी एक विचित्र थर पाहिला. बारीक मातीत मोठमोठे गोटे विखुरलेले. वाहते पाणी लहानमोठे दगड निवडून वेगळे टाकते. नाल्याच्या पात्रात आपण ते पाहतो. असे लहानमोठे सरमिसळ टाकण्याचे काम बर्फ करतो. तेव्हा इथे कधीकाळी बर्फ होता, असे त्यांनी सुचवले. उष्ण कटिबंधात बर्फ? अनेकांना ते पटले नाही. मग १८७५ साली फ्रान्सिस फेडन यांनी चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई गावाजवळ, पैनगंगेच्या पात्रातला पुरावा प्रसिद्ध केला. त्या गोटेमिश्रित थराखालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर रेघोट्या होत्या. हिमनदी सरकताना तळाशी रुतलेले दगड खालचा खडक असेच ओरखडतात. पाणी खडक झिजवते, पण सरळ रेघा ओढत नाही.

हा बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत आणि अंटार्क्टिका एकाच गोंडवन भूखंडाचे भाग होते आणि तो भूखंड दक्षिण ध्रुवाकडे होता. बर्फ ओसरल्यावर तिथे रान वाढले आणि त्याचा दगडी कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या खडकांत ‘ग्लॉसोप्टेरिस’ या वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात. हेच पान दुसरीकडे कुठे मिळाले? १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे सोबती थंडीने व उपासमारीने मेले. शेवटपर्यंत त्यांनी सुमारे १६ किलो दगड घसरगाडीवरून ओढत आणले होते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसचे ठसे निघाले.

म्हणजे १९८१ साली गोव्याहून निघालेली बोट कोणा परक्या भूमीकडे जात नव्हती. फार जुन्या वाटणीत वेगळ्या झालेल्या भावकीकडे ती निघाली होती.

मग आमच्या पोरांना काय?

शिबिरातल्या प्रश्नाकडे परत जाऊ. बुलढाण्याच्या डोंगराच्या एका उतारावरचे पाणी पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला मिळते, दुसऱ्या उतारावरचे पैनगंगेतून बंगालच्या उपसागराला. दोन्ही समुद्र दक्षिणेला एकाच महासागरात मिसळतात. अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्राची पातळी ५० मीटरहून अधिक वाढेल. इतके सगळे लवकर होणार नाही. पण थोडेसे वितळणेही मुंबईला जड जाईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथला समुद्रबर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला. १९७९ पासून उपग्रहांनी सलग नोंदी ठेवल्या आहेत, त्यांत इतका कमी तो कधीच नव्हता.

यातला फरक एका प्रयोगाने दाखवता येतो. दोन सारखे पेले घ्या. एकात बर्फाचा खडा टाकून काठोकाठ पाणी भरा. दुसराही काठोकाठ भरा आणि त्यावर आडवी गाळणी ठेवून तिच्यात खडा ठेवा. पहिल्यातला बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही. तरंगता बर्फ आपल्या वजनाइतकी जागा आधीच घेऊन बसलेला असतो. दुसरा पेला मात्र सांडतो. पहिला पेला म्हणजे समुद्रबर्फ, दुसरा म्हणजे खंडावरचा बर्फ. मग मुलांना विचारा, तरंगता बर्फ गेला तर काहीच बिघडत नाही का? पांढरा बर्फ ऊन परतवतो आणि काळे पाणी ते पिते, इथपर्यंत मुले स्वतःच पोहोचतात. एकाला पांढरे आणि दुसऱ्याला काळे कापड गुंडाळून दोन तांबे उन्हात ठेवले की पुरे.

अंटार्क्टिकात खाणी काढायला १९९१ च्या माद्रिद करारनाम्याने मनाई केली आहे. तिथल्या बर्फातल्या नोंदी त्यामुळे काही काळ तरी सुरक्षित आहेत. पैनगंगेकाठच्या खडकांना असा करारनामा नाही. चंद्रपूर-वणी पट्टा कोळशाचा आणि सिमेंटचा. रेघोट्या असलेला खडक एकदा फुटला की ३० कोटी वर्षांची नोंद खडीत जाते. तो खडक काय आहे हे गावातल्या शाळेला ठाऊक असेल, तरच कोणी तो फोडताना थांबेल.

‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे बर्फाखाली गेले, पण नाव राहिले. मैत्री ठाण्याजवळच्या एका हिमनदीला ते दिले आहे आणि तिचे टोक किती मागे सरते हे भारतीय भूवैज्ञानिक वर्षानुवर्षे मोजत आले आहेत. पुढच्या सहलीला मुलांना पैनगंगेवर न्याल, तेव्हा पात्रातला एक गोटा उचलून त्यांच्या हातात द्या आणि विचारा : हा इथे कोणी आणून टाकला? पाण्याने, लाव्ह्याने की बर्फाने? मेहकरला उत्तर एक येईल, इरईला दुसरे. पण विचारण्याची रीत दोन्हीकडे तीच राहील.